गुडघ्यांसाठी रोइंग मशीन धरलं, आता कंबर धरली

वाचकाचं पत्र: मी ४७ वर्षांची, ठाण्यात राहते. नोकरी बसून करायची आणि रोज लोकलचा प्रवास. ट्रेडमिलवर गुडघे दुखायला लागले म्हणून डॉक्टरांना दाखवलं. 'गुडघ्यांची झीज नुकतीच सुरू झाली आहे, धावणं आणि उड्या नकोत, बाकी व्यायाम करा,' असं ते म्हणाले. आमच्या सोसायटीच्या जिममध्ये पंख्याचं रोइंग मशीन आहे, सरकत्या सीटवर बसून वल्हं मारल्यासारखं हँडल खेचायचं; तिकडे कुणी फिरकत नाही. ट्रेनरने बाजूचं लिव्हर १० वर नेलं आणि म्हणाला, 'वीस मिनिटं जोरात खेचा.' सहाव्या मिनिटाला दम संपला. तरी आठवडाभर जात राहिले. आता कंबर धरली आहे आणि तळहातांवर फोड आलेत. मुलीने मॉनिटरचा फोटो काढला, त्यावर ३:०५ आणि ३८ असे आकडे आहेत. हे चांगले की वाईट? हा व्यायाम माझ्यासाठी आहे का? पोट कमी होईल का? मिस्टर म्हणतात, जमत असेल तर घरीच मशीन घेऊ. काय करू? — एक वाचक, ठाणे

ताई, मशीन सोडू नका. पण आत्ता आठवडाभर त्याला हातही लावू नका. आधी कंबर मोकळी होऊ द्या. त्या काळात पडून राहायचं नाही, सपाट रस्त्यावर रोज चाला. दुखणं कंबरेतच असेल आणि दिवसागणिक उतरत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. मात्र कळ मांडीतून पोटरीकडे जात असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा शिंकताना जीव कासावीस होत असेल, तर हे सदर बाजूला ठेवा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना किंवा चांगल्या फिजिओथेरपिस्टना दाखवा. आणखी एक काम: रक्तदाब मोजून घ्या. गोळी चालू असेल तर दम लागणारा कुठलाही व्यायाम डॉक्टरांना विचारूनच वाढवायचा.

आता मुलीने काढलेल्या फोटोकडे येते, कारण तुमचं सगळं दुखणं त्या दोन आकड्यांत दिसतंय. ३:०५ म्हणजे त्या क्षणाच्या वेगाने ५०० मीटर जायला तुम्हाला ३ मिनिटं ५ सेकंद लागतील. याला स्प्लिट म्हणतात. ३८ म्हणजे मिनिटाला ३८ स्ट्रोक; एकदा ढकलून-खेचून परत जागेवर आलं की एक स्ट्रोक. ३:०५ हा नवख्या माणसाचा अगदी नेहमीचा स्प्लिट आहे, त्यात वाईट काही नाही. मी थबकले ती ३८ वर. ऑलिंपिकच्या २००० मीटर शर्यतीत नौकानयनपटू ३५ च्या वरखाली असतात. म्हणजे तुमची धावपळ शर्यतीची होती आणि वेग फेरफटक्याचा!

हिशेब करून बघा. ३:०५ च्या स्प्लिटला तुम्ही सेकंदाला २.७ मीटर जाता. मिनिटाला ३८ स्ट्रोक मारले तर एका स्ट्रोकला जेमतेम सव्वाचार मीटर मिळतात. तोच ३:०५ जर २२ स्ट्रोकमध्ये काढलात तर एका स्ट्रोकला जवळपास साडेसात मीटर होतील. वेग तोच, पण मिनिटाला १६ वेळा कमी वाकायचं. वीस मिनिटांत ३२० वेळा कमी. तुमच्या कंबरेला एवढा फरक पुरेसा आहे. म्हणून पहिले दोन महिने तुमचं लक्ष स्प्लिटवर नको, स्ट्रोक रेटवर हवं, आणि तो २२ च्या वर जाऊ द्यायचा नाही. रोइंग शिकणाऱ्याने सुरुवातीला एवढी एकच शिस्त पाळली तरी निम्मी दुखणी टळतात असं माझं मत आहे.

दुसरा गुन्हेगार ते लिव्हर. ट्रेनरला फार बोलू नका. डंबेलचा आकडा मोठा तसा व्यायाम मोठा, हा त्यांचा रोजचा हिशेब, तोच त्यांनी इथे लावला. पण इथे १० म्हणजे १० किलो नाही. त्या लिव्हरला डॅम्पर म्हणतात, आणि तो पंख्याच्या पेटीत किती हवा शिरू द्यायची तेवढंच ठरवतो. जास्त हवा आली की पंखा दोन स्ट्रोकच्या मध्ये लवकर मंदावतो आणि पुढच्या स्ट्रोकला तो पुन्हा जड लागतो. पाण्यावरच्या भाषेत सांगायचं तर १० म्हणजे रुंद, जड होडी आणि ३ म्हणजे शर्यतीची निमुळती बोट. खरा भार तुम्ही स्वतः तयार करता: पंखा जितक्या जोरात फिरवाल तितकी हवा उलट अडवते.

ही कल्पना अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ड्रायसिगाकर बंधूंनी रुळवली. आधी ते बोटींची वल्ही बनवत. १९८१ मध्ये त्यांनी सायकलच्या चाकाचा पंखा करून पहिलं मशीन बाजारात आणलं, आणि आज जगभरातल्या जिममध्ये दिसणारं 'कन्सेप्ट टू' त्याच घराण्यातलं. तुमच्या जिममधलं मशीन त्याच कंपनीचं नसलं तरी पंख्याचं आहे म्हणजे तत्त्व तेच.

१० वर ठेवण्यात धोका असा, की सगळ्यात जास्त भार स्ट्रोकच्या सुरुवातीला येतो, आणि नेमकी तेव्हाच कंबर पुढे वाकलेली असते. कसलेला माणूस तो भार पायांवर घेतो, नवखा कंबरेवर घेतो. तेव्हा लिव्हर ३ किंवा ४ वर आणा आणि विसरून जा. मॉनिटरच्या मेनूमध्ये 'ड्रॅग फॅक्टर', म्हणजे पंख्याला हवा किती अडवते तो आकडा, दिसत असेल तर १०० ते १२० च्या आसपास ठेवा. लिव्हरपेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा, कारण पंख्याच्या जाळीत धूळ साचली की एकाच खुणेवर दोन मशीन वेगवेगळी जड लागतात. कुणी म्हणेल, 'हलक्यावर करता होय?' म्हणू द्या. अव्वल खेळाडूसुद्धा सहसा १० वर सराव करत नाहीत.

आता बसण्याविषयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण 'जोरात खेचा' या दोन शब्दांनी तुमचं नुकसान केलंय. या मशीनवर मोठं काम पाय करतात, हातांचा वाटा सगळ्यात कमी.

पायाचे पट्टे चवड्यावरून गेले पाहिजेत, म्हणजे बोटं जिथे पावलाला मिळतात तिथून. ते घोट्याकडे सरकले असतील तर पाऊल ठेवायची पट्टी वर-खाली करून जुळवून घ्या. सीटवर थोडं पुढे बसा. मग गुडघे वाकवत पुढे या आणि नडग्या उभ्या झाल्या की थांबा. त्याच्याही पुढे गेलात तर टाचा खूप उचलतात, गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि पाठीला पोक येतो. तुमच्या गुडघ्यांसाठी तर मी म्हणेन, सुरुवातीला नडग्या उभ्या होण्याच्याही चार बोटं आधीच थांबा. गुडघ्याच्या वाटीपाशी दुखलं तर तो प्रवास आणखी कमी करा. रोइंगमध्ये पाय आपटत नाहीत म्हणून ते गुडघ्यांना सौम्य हे खरं, पण गुडघा खोल वाकतो हेही खरं. 'गुडघ्यांना एकदम सुरक्षित' असं सरसकट सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

धड पुढे झुकवायचं ते कमरेतून नाही, खुब्यातून. हा फरक कळायला घरी पाय लांब करून जमिनीवर बसा आणि पाठ सरळ ठेवून थोडं पुढे झुकून बघा. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मांडीची मागची बाजू आखडलेली असते; झुकायला गेलं की ती ओढते आणि कंबर गोल होते. तसं होत असेल तर मशीनवर कमी झुका, आणि रोज पाच मिनिटं मांडीच्या मागच्या बाजूचा ताण मोकळा करण्याला द्या.

मग स्ट्रोक. आधी पायांनी पाट्या ढकला. तेवढा वेळ हात सरळ आणि धड पुढे झुकलेलंच. पाय जवळजवळ सरळ झाले की धड मागे न्या, अगदी थोडंसं. पोटाचे स्नायू कुरकुरायला लागले तर जास्त झालं असं समजा. सगळ्यात शेवटी कोपरं वाकवून हँडल फासळ्यांच्या खालच्या कडेपाशी आणा, छातीवर किंवा गळ्यापाशी नाही. नवख्यांचे हात पहिल्या क्षणीच वाकतात. नळावरून दोन भरलेल्या बादल्या आणताना कुणी कोपरं वाकवून चालत नाही. हात नुसते लोंबतात आणि काम पाय करतात. सुरुवातीला हँडल तसंच धरायचं.

परत येताना क्रम उलटा. आधी हात सरळ, मग धड पुढे, हँडल गुडघ्यांच्या पलीकडे गेलं की मगच गुडघे वाकवायचे. गुडघे आधी वर आले तर हँडल त्यांना वळसा घालून न्यावं लागतं. हँडलची साखळी वर-खाली नाचत असेल तर हेच होतंय. आणि परत येण्याची घाई करायची नाही. ढकलायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ परत यायला द्या. इथेच विश्रांती मिळते, इथेच ३८ चा २२ होतो. मनात मोजा: एक म्हणत ढकला, दोन-तीन म्हणत या. ढकलताना श्वास सोडा, येताना घ्या. श्वास रोखून खेचणं रक्तदाबाला अजिबात चांगलं नाही.

फोड आलेत ते मूठ आवळल्यामुळे. बोटांचा फक्त आकडा करायचा, अंगठा खाली सैल, मनगट सपाट. फोड फोडू नका, त्यावरची कातडी ओढू नका. झाकून ठेवा आणि भरेपर्यंत थांबा. हातमोज्यांची गरज नाही, पकड सैल झाली की फोड येणं बरंच थांबतं.

कपड्यांचं सांगायला हवं, कारण रोइंगच्या इंग्रजी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. लांब कुर्ता किंवा ओढणी घालून या मशीनवर बसू नका. सीट खालच्या चाकांवर धावते आणि कापडाचा घोळ त्यात ओढला जातो. आखूड टी-शर्ट, अंगाबरोबरची पँट, केस बांधलेले, बस्स.

कंबर मोकळी झाल्यावर सुरुवात अशी करा. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. पहिली पाच मिनिटं तुकड्या-तुकड्यांत: एक मिनिट पाय सरळ ठेवून फक्त हात, मग हात आणि धड, मग अर्ध्यापर्यंत येणं, आणि शेवटी पूर्ण स्ट्रोक. स्पर्धेची मुलंसुद्धा रोजचा सराव अशीच सुरू करतात, त्यामुळे हे बाळबोध वाटून घेऊ नका. त्यानंतर तीन मिनिटं रोइंग, दीड मिनिट विश्रांती, असं चार वेळा, मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक. झालं. घरी जा. पहिल्या दिवशी 'एवढंच?' असं वाटलं पाहिजे.

दोन आठवड्यांनी तीन मिनिटांची पाच करा आणि असे तीन तुकडे. पुढे आठ-आठ मिनिटांचे दोन. साधारण दीड-दोन महिन्यांत न थांबता वीस मिनिटं व्हावीत. घाई नाही, एखादा टप्पा जड गेला तर तिथेच आणखी आठवडा काढा. जोर किती लावायचा याची कसोटी सोपी आहे: शेजारच्या बाईंशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दोन-दोन शब्दांत उत्तर द्यावं लागत असेल तर हळू करा. दर वेळी थकून लोळायचं, हा हट्ट नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्यांत फार असतो आणि तोच त्यांना महिन्याभरात जिमबाहेर काढतो.

वीस मिनिटं सहज व्हायला लागली की तीनपैकी एका दिवशी थोडा जोर लावा: एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, पाच-सहा वेळा. जोरातही २६ च्या वर स्ट्रोक नकोत. जोर पायांतून आला पाहिजे, घाईतून नाही.

स्प्लिट तेव्हा आपोआप उतरेल, पण एका दराने नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. या मशीनवर वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. तुमच्या ३:०५ ला सुमारे ५५ वॉट लागतात, २:४५ ला ७८ आणि २:३० ला १०४. म्हणजे पहिले वीस सेकंद पटकन उतरतात, पुढचे पंधरा रडवतात. मैत्रिणीचा स्प्लिट २:२० आहे म्हणून स्वतःला कमी लेखू नका. उंच आणि धिप्पाड माणसाला हे मशीन मुळातच झुकतं माप देतं, कारण इथे स्वतःचं वजन उचलून न्यायचं नसतं.

वय झालंय, आता हे तंत्र कुठे अंगवळणी पडणार, असं मनात येत असेल तर आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामाला जात. वल्हं त्यांनी हातात धरलं ते लष्करात भरती झाल्यावर, पुण्यात. तोवर पाण्याचीच भीती. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते एकेरी स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या स्कल्स बोटीत सुवर्णपदक मिळवलं. ते तेव्हा तरुण होते आणि लष्करातले होते, हे मान्य; तुम्हाला पदक नको, वीस मिनिटं हवीत. पण हा लहानपणीच शिकायला हवा असा खेळ नाही. स्ट्रोक एकच आहे आणि तो पुन्हा पुन्हा करायचाय.

पोटाचं थोडक्यात सांगते. पोटावरची चरबी जागा निवडून उतरत नाही, रोइंगनेही नाही आणि क्रंचेसनेही नाही. ताटाकडे न बघता नुसत्या वीस मिनिटांनी वजन फारसं हलणार नाही. मॉनिटरवरच्या कॅलरींवर विसंबून संध्याकाळचा वडापाव मंजूर करू नका. कन्सेप्ट टूच्या मॉनिटरचा तो आकडा सुमारे ७९ किलोंच्या माणसाला धरून काढलेला असतो. तुमचं वजन त्याहून कमी असेल तर तुमची खरी कमाईही कमी. दम वाढणं आणि जिना चढताना मांड्यांत जोर जाणवणं हे मात्र वजनाच्या काट्याच्या आधी कळेल.

आणि फक्त रोइंग करू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम जोराचा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. रोइंगचे तीन दिवस मिळून तासभरच होतो, बाकीचा वेळ चालण्याने भरा. तुमच्या वयात हाडांसाठी पायांवर उभं राहून केलेलं काम लागतंच, आणि रोइंग बसून होतं. या मशीनवर सगळं ओढणंच असतं, ढकलणं हातांच्या वाट्याला येत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकून दंड, आणि पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, एवढं तरी करा.

राहिलं घरच्या मशीनचं. मिस्टरांचा उत्साह चांगला आहे, पण तीन महिने त्यांना थोपवा. सोसायटीत फुकट मशीन उभं असताना घाई कशाला? पंख्याचं चांगलं मशीन आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद असतं. दोन भाग करून उभं ठेवता येतं, पण ठाण्याच्या फ्लॅटमध्ये रोज कोण जोडणार आणि कोण सोडणार? आयात केलेलं घ्यायचं तर किंमत लाखाच्या पुढे जाते. पंखा घोंघावतो, म्हणजे पहाटे केलं की घरातले उठणार. चुंबकाच्या रोधाचं मशीन शांत असतं, फ्लॅटला ते बरं. पाण्याच्या टाकीचं दिसायला देखणं, आवाजही कानाला गोड, पण जड. तेलाच्या दोन दांड्यांचं स्वस्त मशीन मात्र घेऊ नका: थोड्या वेळात दांड्या तापतात, रोध बदलतो, आणि तशा बहुतेक मशीनवर ही खेचण्याची चाल येतच नाही. शिवाय सीट किती उंच आहे तेही बघा. अनेक मशीनची सीट जमिनीपासून दीड फूटही नसते, आणि झिजलेल्या गुडघ्यांना व्यायामापेक्षा तिथून उठणंच जास्त जड जातं. सोसायटीच्या मशीनवरून उठताना म्हणूनच एका पायावर झटका देऊन उठू नका, बाजूला बाक किंवा खुर्ची ठेवा आणि तिचा आधार घ्या.

आणि ते मशीन इतके दिवस पडून आहे, तर बसण्याआधी सेक्रेटरींच्या मागे लागून त्याची जरा निगा करून घ्या. खाडीकाठच्या दमट हवेत साखळी गंजते. ती कोरड्या फडक्याने पुसून हलका तेलाचा हात फिरवायला लावा, सीटची पट्टी पुसा, पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. मॉनिटरची बॅटरीही एकदा तपासून घ्यायला सांगा.